साकव आभाळातून आला तेव्हा

"उडण्यासारखं जे जे असेल ते घरात," मी म्हणालो. "पत्र्यांवर दगड ठेवा. दोरीवरचे कपडे काढा. कोंबड्या डालग्याखाली, म्हशी वरच्या रानात. सुपं, पाट्या, घोंगडी, पेंढ्या, बाहेर काहीएक नको."

"आणि माणसं?" नवलूतात्यांनी विचारलं.

"माणसं उडत नाहीत. पण बायकांचे पदर उडतात. पदर तोंडाभोवती आवळून गच्च खोचायचे."

"मग ह्या बोलणार कशा?"

बिरोबाच्या देवळापुढं बसलेला सगळा धनगरवाडा हसला. नवलूतात्या वाड्याचे म्होरके. पिकल्या मिशांचा, कानात बाळी असलेला माणूस. त्यांच्या समोर उकिडवी बसलेली सगुणामावशी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "तात्या, हुकवाले काय सांगत्यात ते कान देऊन ऐका. उद्या जर का कुणाचं काय उडालं, तर त्याला मी वड्यात ढकलीन."

हुकवाले म्हणजे मी, मुकुंद बावणे. हेलिकॉप्टर म्हटलं की लोकांना मंत्री आठवतात, नाहीतर पूर. आमचं हेलिकॉप्टर हमाल होतं. जिथं रस्ता पोचत नाही तिथं ओझं पोचवायचं, हेच त्याचं आयुष्य. विजेच्या मनोऱ्यांचे पाय, पाण्याच्या टाक्या, एकदा तर एका डोंगरावरच्या देवळाची घंटा. पोटाखालच्या हुकाला दोर, दोराला ओझं, आणि ओझ्याच्या बाजूला जमिनीवर मी. वर बसलेल्या माणसाला खालचं नीट दिसत नाही, म्हणून शिरस्त्राणातल्या रेडिओवर मी त्याचे डोळे व्हायचं. वीतभर डावीकडं, हातभर खाली, थांब. दिवसभर एवढंच बोलायचं.

त्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या धारेवर, आम्ही मनोरे उभे करत होतो. धारेच्या अलीकडे हा तळीचा धनगरवाडा. वाड्याच्या आणि जगाच्या मध्ये काळा ओढा. उन्हाळ्यात त्याची नुसती घळ, दगडांवरून उतरून चढून जावं. पावसाळ्यात मात्र तो घळ भरून गरजायचा आणि वाडा पार दसऱ्यापर्यंत पलीकडे अडकायचा. सरकारी खात्यानं घळीच्या दोन्ही काठांवर सिमेंटचे ओटे बांधून दिले होते, त्यांत बोल्ट उभे केले होते, आणि त्यांवर बसवायचा लोखंडी साकव, म्हणजे पायपूल, खाली डांबरी सडकेवर आणून टाकला होता. तो तिथंच गंजत पडला होता, कारण सडकेपासून ओढ्यापर्यंत अख्खा साकव वाहून नेईल अशी वाटच नव्हती. आम्ही रोज त्याच्या डोक्यावरून उडत होतो.

एके दिवशी सगुणामावशी दुधाची चरवी घेऊन आमच्या तळावर आली आणि सरळ कॅप्टनसमोर उभी राहिली.

"तुमचं इमान एवढं जड जड उचलतंय. आमचा साकव उचलंल का?"

कॅप्टन मोहरीर कमी बोलणारा माणूस. त्यांनी विचारलं, "नाही उचलला तर?"

"तर वाडा उठला," ती म्हणाली. "निम्मी घरं शिमग्यालाच खाली गेली. माझा धाकटा दीर जानू, त्येची बायकू, पोरं, समदी गेली. उरल्याली म्हणत्यात, औंदा बी पावसाळा असाच काढायचा आसंल तर आमी पन जातो. मी हातापाया पडून थांबीवलंय. म्हटलं, एवढा पाऊस बगा. साकव बसला तर ऱ्हावा. न्हाई बसला तर मीच पैली माझी चूल मोडती."

तिचा नवरा ओढ्याच्या वाड्याकडच्या काठावरच वारला होता, डोलीत, पाणी उतरायची वाट बघत. हे तिनं सांगितलं नाही. दुसऱ्यांनी सांगितलं.

कॅप्टननी कंपनीशी भांडून एक उचल मिळवली. एकच. मनोऱ्यांचं काम संपलं होतं, त्यानंतर हेलिकॉप्टर दूर मध्य प्रदेशात जाणार होतं. साकवाचं वजन आम्हाला जेमतेम पेलेल इतकं, म्हणून टाकीत इंधनही मोजकंच घालायचं. म्हणजे पहिल्या खेपेला बसला तर बसला.

सकाळी मी वाड्याच्या बाजूच्या ओट्यावर आलो तर बायका ओटा सारवत होत्या. ताजं, ओलं शेण, त्यावर बोटांची चंद्रकोर नक्षी. मी कपाळाला हात लावला.

"मावशी, हे कशाला?"

"पावणा येनार. कोरड्या भुईवर बसवू त्येला?"

"वाळलं तर उडेल."

"वाळायच्या आत येतोय की तो. वल्लं उडत न्हाई." आणि सारवता सारवता ती गुणगुणत होती. माझी आई जात्यावर बसली की असंच गुणगुणायची. तिकडे चंद्रपूरकडे चाल निराळी, पण ओळीच्या शेवटी श्वास सोडायची जागा तीच. म्हणून मला ती ओवी अजून पाठ आहे.

आभाळाच्या पावण्याला गं, पाट कशाचा मी मांडू
वारा त्याचा घोडा बाई, त्याला कुठं मी गं बांधू

"बांधायला दोर आहेच," मी म्हणालो. साकवाच्या दोन्ही टोकांना लोंबते दोर असतात. ओझं हवेत गिरकी घेऊ नये म्हणून खालच्या माणसांनी ते नुसते ताणून धरायचे. पलीकडच्या काठावर माझा जोडीदार इस्माईल दोर धरणार होता. अलीकडे कोण, ते ठरायचं होतं.

"म्या धरनार," सगुणामावशी म्हणाली.

"ताकदीचं काम आहे."

"पैल्या वेताची म्हस धरलीय का कदी? दोर जोरानं धरायचा नसतोय. तिला कळलं पायजे की हितं कुनीतरी हाय. एवढंच."

इतक्या वर्षांत दोराची रीत इतकी नेमकी मला कुणी सांगितली नव्हती. मी दोर तिच्या हातात दिला. तारेची काठी दाखवली. हेलिकॉप्टर हवेत फिरून अंगावर वीज साठवतं, तेव्हा ओझ्याला हात लावायच्या आधी काठी टेकवून ती वीज जमिनीत सोडायची. मावशीनं काठीकडे बघून मान हलवली. "म्हंजे पावण्याची दिष्ट काढायची," ती म्हणाली. मी म्हटलं, तसंच समजा.

बाकी वाडा देवळाच्या दगडी गडग्यामागं उभा केला. पत्र्यांवर दगड, अंगणं चाटून पुसून लख्ख, पदर गच्च. मी स्वतः फिरून पाहिलं. एक चिंधीसुद्धा मोकळी नव्हती.

आधी आवाज आला, मग धारेवरून ते वर आलं, आणि त्याच्या पोटाखाली आडवा साकव. सडकेवर वर्षं काढलेलं ते गंजकं लोखंड आभाळात इतकं हलकं दिसत होतं की जणू बगळ्यानं घरट्यासाठी काडी न्यावी. गडग्यामागं कुणीतरी हुंदका दिला. मी रेडिओवर म्हणालो, "दिसलात, कॅप्टन. सरळ या."

साकव घळीवर आला. इस्माईलनं त्याचा दोर पकडला, मावशीनं आपला. मी काठी टेकवली, ठिणगी उडाली. झाडांमुळं दोर आखूड ठेवला होता, त्यामुळे पंख्याचा वारा अंगावर पोत्यासारखा आपटत होता. मावशीच्या तोंडाभोवती पदर आवळलेला, फक्त त्या पातळ, विटक्या कापडातून डोळ्यांची चमक. दोर तिच्या हातात नुसता जिवंत होता.

"इस्माईलचं टोक खाली... खाली... बसलं!" पलीकडून इस्माईलनं अंगठा दाखवला. "आता माझ्याकडचं. दोन हात खाली."

साकवाचं टोक माझ्या समोर, डोक्याच्या जरा वर आलं. बोल्ट आणि भोकं एकमेकांकडे बघत होती.

आणि जग पिवळं झालं.

नवलूतात्यांनी पाटीभर भंडारा उधळला होता. एकट्यांनी नव्हे. त्यांच्या मागोमाग सगळ्या वाड्यानं, ओंजळी ओंजळींनी. देवाची पालखी आली की उधळतात, नवरी आली की उधळतात, धनगराच्या दारी मोठं काही आलं की हळद आभाळात जाते. तो हात आपोआप उठतो. घळीतला वारा वर, पंख्याचा वारा खाली, आणि त्या दोघांच्या मध्ये ती हळद अडकून घुसळली गेली. मला हात दिसेना.

"बावणे," कॅप्टनचा आवाज आला, अगदी सपाट. "खिडकीतून डोळ्यांत गेलंय. एका डोळ्यानं समोरचा डोंगर दिसतोय. खालचं काही नाही."

"थांबा. तसेच थांबा."

माझ्या चष्म्यावर लेप बसला होता. मी तो वर सारला, आणि तीच चूक झाली. डोळ्यांत विस्तव गेला. मी चाचपडत पुढं झालो, बाजूला झालो, काही कळेना.

"बावणे, तुला दिसतंय का?"

मी हात पुढं करून लोखंड शोधत होतो. अशा वेळी नियम एकच. वरच्या माणसाच्या अंगठ्याखाली बटण असतं. ते दाबलं की हुक उघडतो, ओझं खाली, हेलिकॉप्टर मोकळं. दुसऱ्या कुठल्याही पायलटनं एव्हाना ते दाबलं असतं.

"बावणे, मी सोडतोय."

तेवढ्यात माझ्या कमरेच्या पट्ट्याला कुणीतरी धरलं आणि हिसडा देऊन मला ओढलं. मी धडपडलो. मग माझा हात धरून थंड लोखंडावर ठेवला गेला आणि शिरस्त्राणाची कड उचलून कानाशी सगुणामावशी बोलायला लागली.

"हळू. हळू बाई. हायेस का? हितंच हाय मी. जरा खाली ये. ये बाई, ये. भ्यायचं न्हाई."

पदर गच्च आवळलेल्या त्या एकट्या बाईला त्या कापडातून दिसत होतं. मी विचार केला नाही. ती जे बोलेल ते तसंच रेडिओत म्हणत गेलो.

"हळू. खाली या. या बाई, या. भ्यायचं नाही."

मग कॅप्टन म्हणाले, "येतोय."

"आता आपल्याकडं चार बोटं," कानाशी आवाज. "आता थांब गं. श्वास घे. आता खाली, खाली, सांडू नगंस..."

"चार बोटं माझ्याकडं. थांबा. श्वास घ्या. आता खाली. खाली. सांडू नका."

माझ्या तळव्याखालून लोखंड हळूहळू उतरत गेलं. आधी डोक्याशी, मग छातीशी, मग कमरेशी. गुडघ्याशी आलं तेव्हा मी वाकलो, आणि मग एक जाड, खोल आवाज झाला, उखळात मुसळ पडावं तसा.

"बसलं," मावशी म्हणाली.

"बसलं, कॅप्टन. सोडा."

पंख्याचा आवाज वर गेला, दूर गेला. वारा थांबला. घळीतून ओल्या दगडांचा वास वर आला.

कुणीतरी माझ्या डोळ्यांत दूध ओतलं, म्हशीचं, धारोष्ण. डोळे उघडले तेव्हा काळ्या ओढ्यावर साकव होता. पिवळाधमक, हळद लागलेल्या नवऱ्यासारखा.

नवलूतात्या पुढं आले. मिशा पिवळ्या, चेहरा उतरलेला.

"हुकवाले, चुकी झाली."

"तात्या, मी काय सांगितलं होतं? उडण्यासारखं काही नको."

"तुमी सुपं म्हनला, पाट्या म्हनला, घोंगडी म्हनला. भंडारा कुठं म्हनला?" ते खरंच गोंधळले होते. "भंडारा का वस्तू हाय, घरात ठिवायला?"

माझ्या यादीत देव नव्हता, हे खरंच होतं.

कॅप्टन माळावर हेलिकॉप्टर उतरवून चालत आले. एक डोळा लालबुंद. साकवावर उभे राहून त्यांनी दोन उड्या मारून पाहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आयुष्यभर उडतोय बावणे, पण मला 'या बाई' कुणी म्हटलं नव्हतं."

"माफ करा, सर."

"माफ काय? माझा अंगठा बटणावर होता. तुझा आवाज ऐकून काढला. म्हटलं, हा माणूस इतका शांत आहे, म्हणजे ह्याला सगळं दिसतंय."

इस्माईल साकवावरून अलीकडे आला तो कुरकुरतच. "सगळं खरं, पण मावशींनी दोर सोडला राव. माझ्या बाजूनं त्या पिवळ्यात मला तेवढंच दिसलं, मोकळा दोर वाऱ्यावर फडफडत होता. साकव फिरला असता तर गेला असता घळीत."

हे बायकांनी ऐकलं आणि त्यांना आयतंच मिळालं. पदर सुटले, तोंडं सुटली.

"वरीसभर साकव साकव करून आमचा जीव खाल्ला, आन् ऐन टायमाला दोर सोडला व्हय गं?"

"म्हस धरलीया म्हनं जल्मभर!"

"हिचा दादला बी असाच निसटायचा म्हनं हातातनं!"

सगुणामावशी हसली. "घाम आला हुता हाताला," एवढंच म्हणाली, आणि बादली उचलून ओटा धुवायला निघाली.

मीही मागोमाग गेलो, बोल्ट आवळायला. वाकलो आणि थबकलो.

ओट्यावरचं सारवण ओलं होतं. त्यावर भंडारा बसला होता, आणि त्यावर ठसे उमटले होते, अगदी स्पष्ट. माझे बूट. ते बाजूला, जिथं मी उभा राहायचं ठरलं होतं, तिथून निघाले होते, वेडेवाकडे फिरले होते, आणि थेट बोल्टांच्या मधे गेले होते. साकवाचं टोक जिथं टेकलं होतं, बरोबर तिथं. पुढचा ठसा निम्माच होता. उरलेला निम्मा लोखंडाखाली गेला होता.

त्या ठशांपर्यंत धावत आलेली अनवाणी पावलं होती. बोटं रुतलेली, टाचा न टेकलेल्या. आणि तिथून मागं दोन लांब ओरखडे, बुटांच्या टाचांचे.

मी खाली बसलो. मला वाटलं होतं, तिनं मला नीट जागेवर उभं केलं, साकव बसावा म्हणून. वर कॅप्टनचा अंगठा बटणावर होता आणि खाली मी त्या ओझ्याच्या पोटाखाली उभा होतो. हे त्या पिवळ्या धुक्यात एकाच माणसाला दिसत होतं, आणि त्या माणसाच्या हातात वाड्याचा दोर होता.

"मावशी."

ती बादली घेऊन उभी होती.

"तुम्ही दोर माझ्यासाठी सोडलात."

"पुसू द्या आता त्ये," ती म्हणाली. "वाळलं की निघत न्हाई."

"साकव गेला असता."

"गेला असता."

"मग वाडा उठला असता. तुम्ही चूल मोडणार होता."

तिनं बादली खाली ठेवली. "मोडली असती. खाली जाऊन दुसरी घातली असती. मान्साला कुठं दुसरी आई जल्म देती, हुकवाले?"

"आणि ते 'ये बाई, ये'? लोखंडाशी किती मायेनं बोलत होता तुम्ही."

आता मात्र ती खळखळून हसली, इतकी की बायकांनी वळून बघितलं. "लोखंडासंगं मी कशाला बोलू? येडी हाय का? चार बोटं, खाली, ह्ये लोखंडाचं माप. 'ये बाई' तुमाला. तुमी थरथरत हुता. हात असा लटलट लटलट. म्हस बुजली की असंच बोलावं लागतंय. ती खुंट्याला आली की बाकीचं होतंय आपसूक."

कॅप्टनना जो शांत आवाज ऐकू गेला होता, तो माझा नव्हता. मला कुरवाळून शांत करणारा तो आवाज मी फक्त पुढं दिला होता, आणि तेवढ्यानं एक हेलिकॉप्टर, एक साकव आणि एक माणूस जागच्या जागी राहिले होते. मी वाकून तिच्या पायांना हात लावायला गेलो. तिनं पाय मागं घेतले.

"उठा. बोल्ट आवळा तुमचे."

मी पान्हा घेऊन बसलो. ऊन कललं होतं. साकवाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी येऊन उभं होतं. एक माणूस, डोक्यावर ट्रंक. मागं बाई, कडेवर मूल, हातात गाठोडं. त्यामागं आणखी दोघं, खांद्यावर वळकट्या. खाली सडकेपर्यंत बातमी पोचली होती. नुसता साकव बघायला आलेली माणसं ट्रंक घेऊन येत नाहीत.

"जानू हाय," सगुणामावशी म्हणाली. मग तिनं घळीपलीकडं हाक मारली, "काय बगतोस रं? लोखंड हाय, खात न्हाई! पोरं धर आन् ये!"

जानूनं एक पाय साकवावर ठेवला, मग दुसरा. त्याच्या मागं त्याची बायको रडत, हसत, खाली न बघता.

मावशी माझ्याकडं वाकली. "त्या दोराचं कुनाला सांगू नगा."

"का? उलट सगळ्यांना सांगायला पाहिजे."

"नगा. वाडा राखायचा म्हनून मी समद्यांला धरून ठिवलं. आता म्हनत्याल, एका परक्या मान्सापायी हिनं आमचा साकव सोडला."

तिच्या हयातीत मी सांगितलं नाही. त्या दिवसानंतर किती डोंगरांवर किती ओझी उतरवली, केस पिकले, पोरांना मुलं झाली. तो सगळा माझा जमाखर्च तिच्या हातानं सुरू झालेला आहे.

"आणि ते खरं आहे का, मावशी?" मी तिथंच विचारलं होतं. "परक्या माणसासाठी सोडलात?"

जानूची पोरं साकवाच्या मधोमध आली होती आणि लोखंडावर पाय आपटून आवाज काढत होती. मावशी त्यांच्याकडं बघत राहिली.

"त्या घडीला तुमी परकं नव्हता," ती म्हणाली, आणि पदरानं हात पुसत त्यांना घ्यायला पुढं गेली.